डच लोकांचा ज्येष्ठमध

ज्येष्ठमध म्हटला की आपल्याला बाळगुटीची सहाण आठवते, नाहीतर मैफलीआधी कांडी चघळणारे गवई. नेदरलँड्समध्ये मात्र लोक तो येता-जाता खाऊ म्हणून खातात. त्याच्या काळ्या, चिवट गोळ्यांना इथे ‘ड्रॉप’ म्हणतात. माणशी वर्षाला सुमारे २ किलो ड्रॉप खपतो असं सांगतात आणि मला ते अगदी पटतं, कारण ऑफिसातल्या टेबलावर, गाडीत, आजीबाईंच्या पर्समध्ये, कुठेही पिशवी सापडतेच.

गोड ड्रॉप आपल्या माणसांना लगेच आवडतो. खरी गंमत खारट ड्रॉपची. त्यातही ‘डबल झाउट’, म्हणजे दुप्पट खारट. बऱ्याचदा शंकरपाळ्याच्या आकाराची वडी असते, वर डी आणि झेड ही अक्षरं उमटवलेली. जिभेवर ठेवली की आधी चरचरतं, मग नाकापर्यंत झिणझिण्या जातात, आणि सगळं ओसरल्यावर मागून ज्येष्ठमधाची गोडी येते. हा खारटपणा नुसत्या मिठाचा नव्हे, नवसागराचा! कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा, तोच.

मुळाची ती उशिरा येणारी, रेंगाळणारी गोडी ग्लिसिरायझिनची. साखरेच्या ३० ते ५० पट गोड. नाव ठेवणाऱ्यांनाही सगळीकडे गोडीच सुचली. संस्कृतात यष्टिमधु, म्हणजे गोड काठी, आणि त्यावरूनच आपला ज्येष्ठमध. ग्रीकमध्ये ग्लिकिस म्हणजे गोड, रिझा म्हणजे मूळ. तेच लॅटिनमधून फिरत फिरत इंग्रजीत लिकरिस झालं. डच लोक मुळीला सरळ ‘झूटहाउट’ म्हणतात, गोड लाकूड. तिच्या कांड्या इथेही चघळतात, चहातही घालतात.

पण हेच ग्लिसिरायझिन जास्त झालं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. युरोपातल्या तज्ज्ञांनी रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम सांगितली आहे, आणि त्याचं प्रमाण जास्त असलेल्या पाकिटावर रक्तदाबवाल्यांसाठी सूचना छापावीच लागते. ही सूचना मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणत महिनोन्महिने काढा घेणारे घरोघरी आहेत.

म्हणून गावी येताना ड्रॉपची पिशवी आणते ती भाचरांसाठी. बीपीची गोळी चालू असलेल्या काका-मावशींना चवीपुरती एखादीच वडी देते, आणि रोजच्या काढ्यातल्या ज्येष्ठमधाबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या, असं आवर्जून सांगते.