दोन ड्रायव्हर, एक सामायिक कोड आणि न बोलणारा मेंटेनर : माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतील एका छोट्या कारखान्यात आम्ही हायड्रॉलिक पॉवरपॅकवरील दाब अखंड नोंदवणारी उपकरणे तयार करतो. त्यांतील नवा सेन्सर लिनक्स कर्नलमधल्या (त्या संगणकप्रणालीच्या गाभ्यातल्या) एका ड्रायव्हरवर, म्हणजे सेन्सर चालवणाऱ्या कोडवर, चालत होता आणि त्याच उत्पादकाच्या जुन्या सेन्सरसाठी निराळा ड्रायव्हर होता. नवा आयटूसी या बसवर, म्हणजे चिप जोडणाऱ्या तारांवर, बोलतो, जुना एसपीआय या दुसऱ्या बसवर; एवढा भेद सोडला तर दोन्ही फायलींतला बहुतेक कोड ओळीला ओळ सारखा होता, कारण जुन्याची नक्कल करूनच नवा लिहिला गेला होता. नकलेचा तोटाही समोर दिसत होता. २४ बिटांच्या वाचनातले ऋण चिन्ह नीट उलगडणारी दुरुस्ती नव्या ड्रायव्हरमध्ये पूर्वीच झाली होती, जुन्यात ती कोणी नेलीच नव्हती. त्यामुळे सक्शनच्या बाजूचा ऋण दाब तिथे भलामोठा धन आकडा होऊन प्रकटत असे.

सामायिक भाग वेगळा काढण्याचे तांत्रिक काम मला फारसे जड गेले नाही. चिपमधली रजिस्टरे (छोटी स्मृतिस्थाने) वाचण्या-लिहिण्यासाठी रेगमॅप हा कर्नलमधला तयार थर वापरला की खालची बस कोणती आहे, हे वरच्या कोडला ठाऊक असण्याची गरज उरत नाही. प्रत्येक चिपचे वेगळेपण, म्हणजे रीसेटनंतरचा विलंब, ओळखक्रमांक, मापनश्रेणी, एका स्थिर तक्त्यात मांडावे आणि सामायिक कोडमध्ये ‘ही चिप असेल तर’ अशा अटी पेरू नयेत. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या त्वरणमापक, जायरोस्कोप, चुंबकत्वमापक आणि दाबमापक सेन्सर्ससाठी कर्नलच्या इंडस्ट्रियल आयओ या सेन्सर-विभागात असा सामायिक संच आहे. तो वाचल्याखेरीज कोणी या वाटेला जाऊ नये. सामायिक कोड हा ड्रायव्हरने हवा तेव्हा बोलवावा असा मदतनीस असावा, ड्रायव्हरच्या डोक्यावर बसलेला मुकादम नसावा. नाहीतर तिसरी चिप आपल्या तऱ्हा घेऊन आली की त्या मुकादमाला सांभाळण्यासाठीच नवे झेंडे (फ्लॅग) उभारावे लागतात.

पॅचची, म्हणजे क्रमाने लावायच्या छोट्या बदलांची, मालिका पाठवली आणि विभागाच्या मुख्य मेंटेनरांचे (कोड सांभाळणाऱ्यांचे) उत्तर लवकर आले. रचना त्यांना पटली होती. परंतु जुन्या चिपवर हा कोड प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय ते तो घेणार नव्हते आणि त्या ड्रायव्हरच्या मेंटेनरांचे मतही त्यांना हवे होते. मागणी रास्तच होती. इथून पुढे जे झाले त्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

कर्नलच्या मेंटेनर्स या फाईलमध्ये प्रत्येक ड्रायव्हरची स्थिती लिहिलेली असते: सपोर्टेड, मेंटेन्ड (कोणीतरी सांभाळते), ऑड फिक्सेस, ऑर्फन (बेवारस) किंवा ऑब्सोलीट. जुन्या ड्रायव्हरपुढे ‘मेंटेन्ड’ असे ठसठशीत लिहिले होते आणि शेजारी एका सद्गृहस्थांचा पत्ता होता. त्या पत्त्यावरून उत्तर येत नव्हते. टपाल परत आले असते तर पत्ता मेला आहे असे सांगून पुढे जाता आले असते. पण ते पोहोचत होते आणि तिथेच मुरत होते. उत्तर साधारण दोन-तीन आठवड्यांत यावे आणि स्मरणपत्र किमान एक आठवडा थांबून द्यावे, असे कर्नलच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. मी तो नियम काटेकोर पाळला, स्मरणपत्रे नम्रपणे लिहिली, आणि तेवढ्यात मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल कर्नलमध्ये घेण्याचा काळ, उघडून बंद झाली. ती दोन आठवड्यांची असते आणि पुढची येईपर्यंत नऊ-दहा आठवड्यांचे चक्र पुन्हा फिरते. नाव नोंदवून ठेवायचे आणि दाराला आतून कडी घालायची, हा प्रकार सरकारी कचेरीपुरता मर्यादित नाही, हे तेव्हा नीट समजले.

असे कोणी अडले तर फाईलवर विसंबू नये. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या गिटचा इतिहास काढून गेल्या काही वर्षांत त्या ड्रायव्हरला खरोखर कोणी हात लावला आहे ते पाहावे आणि त्यांना प्रत पाठवावी. मला अशा एका गृहस्थांनी त्वरित कळवले, की कोड ठीक दिसतो, पण चिप त्यांच्याकडेही उरलेली नाही. ती विक्रेत्यांकडेही नव्हती. अखेरीस ती सापडली आमच्याच गल्लीत, एका पंप दुरुस्त करणाऱ्या काकांच्या बंद पडलेल्या चाचणी-बाकावर. “घेऊन जा की, पण परत आणून दे बघ,” एवढेच ते म्हणाले. बोर्ड जोडला, ऋण दाब दिला, जुन्या आणि नव्या कोडची वाचने शेजारी मांडून ती मालिकेच्या प्रस्तावनापत्रात घातली. मुख्य मेंटेनरांना तेवढे पुरले आणि पुढच्या विंडोत मालिका आत गेली.

चिन्हाची दुरुस्ती मी मालिकेच्या अगदी आरंभी, स्वतंत्र पॅच म्हणून ठेवली होती, हे इथे आठवले. ‘फिक्सेस’ची ओळ आणि चूक आणणाऱ्या मूळ कमिटच्या (नोंदलेल्या बदलाच्या) ओळखीचे पहिले बारा अक्षरांक लिहिले की ती जुन्या स्थिर आवृत्त्यांतही जाऊ शकते; सामायिकीकरणात मिसळली तर तिथे नेणे कठीण. कोड हलवणे आणि कोड बदलणे हेही एका पॅचमध्ये करू नये, म्हणजे तपासणाऱ्याला हलवलेल्या ओळी पुन्हा वाचाव्या लागत नाहीत. प्रत्येक पॅचनंतर कर्नल बांधता (कम्पाइल करता) आलाच पाहिजे. खानापूरला माझ्या घरी पावसाळ्यात विजेचा भरवसा नसल्यामुळे रोज मी फक्त तेवढी डिरेक्टरी बांधत असे आणि पाठवण्यापूर्वी सगळी मोड्यूल्स चालू ठेवून पूर्ण कर्नल. बांधण्यापूर्वी कोणते भाग घ्यायचे ते विचारणाऱ्या कॉन्फिगमध्ये सामायिक भागाला स्वतःचा प्रश्न देऊ नये. ड्रायव्हरनेच तो भाग ‘सिलेक्ट’ करावा, म्हणजे आपल्याबरोबर आपोआप आणावा. पण सिलेक्ट त्या भागाच्या स्वतःच्या अटी (अवलंबित्व) तपासत नाही, म्हणून त्या भागाला बसची अट घालू नये, ती ड्रायव्हरकडेच राहू द्यावी.

जुन्या ड्रायव्हरची नोंद ‘मेंटेन्ड’ऐवजी ‘ऑर्फन’ करणारा पॅच मी नंतर पाठवला. कोणाला प्रती जाव्यात हे सांगणाऱ्या स्क्रिप्टने यादीत पहिले नाव त्याच सद्गृहस्थांचे दिले, आणि नियमानुसार मी त्यांनाही प्रत धाडली आहे.