तीन प्रकारची शून्यं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. मंजूर डिमांड (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची ती मर्यादा) ओलांडली म्हणून वीजबिलात अधूनमधून दंड लागायचा. "एवढं कॉम्प्युटर शिकलास की रे, आधी कळंल असं कायतरी कर," मामा म्हणाले आणि मी अडकलो.

मीटरमधून मॉडबसवर (यंत्रांची आपसात बोलायची पद्धत) दर मिनिटाला रीडिंग, ते रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि एमक्यूटीटीने (नेटवर्कवरून छोटे निरोप पाठवायची पद्धत) पुढे पाठवायचं. इथवर सोपं होतं. पुढचा लोड, म्हणजे किती वीज ओढली जाईल, ते ओळखायला जुन्या रीडिंगवर रँडम फॉरेस्ट नावाचं मॉडेल शिकवलं तर चूक इतकी कमी, की मी जेवता जेवताच मामांना सांगून टाकलं. प्रत्यक्षात लावल्यावर "काल या वेळी होता तेवढाच लोड आज" हा फुकटचा अंदाज त्याहून बरा निघाला. डेटा पिसून वाटला होता मी: १०:०५चं रीडिंग अभ्यासाला, १०:०६चं परीक्षेला. पेपरच फुटलेला!

मग पायथनची रिव्हर लायब्ररी घेतली; तिच्यात मॉडेल एकेका रीडिंगवर शिकत जातं. आधी अंदाज, खरा आकडा आला की चूक मोजायची, मगच शिकवायचं. अंदाज अर्ध्या तासापुढचा, त्यामुळे शिकवणीही अर्धा तास मागे.

तरी दुपारी मॉडेल बिथरायचं. आलेख मामांना दाखवला. "काय बघायलास? लाइट गेलती की तवा." न आलेल्या रीडिंगच्या जागी माझाच कोड शून्य भरत होता. लाइट गेली तरी शून्य, कंपनाने वायर ढिली झाली तरी शून्य, आणि सुट्टीला खरोखरच शून्याजवळ. टक्क्यांत चूक मोजायची तर शून्याने भागाकार, तो वेगळा ताप. उत्तर मीटरमध्येच होतं. एकूण युनिटचा आकडा फक्त वाढतो. खंडानंतर तो तिथेच असेल तर लाइट गेली होती. पुढे गेला असेल तर माग चालूच होते, वायर बघा.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत मॉडेलने बंद कारखानाच शिकून घेतला, म्हणून सुट्टीला शिकवणी बंद ठेवायची ओळ टाकली.

डिमांड कुठे उसळते हे मात्र जॉबरना (माग सांभाळणाऱ्या मुकादमांना) आधीच ठाऊक होतं. लाइट आली की सगळे माग एकदम सुरू. हे त्यांना विचारायला मला चार महिने लागले. आता ते माग टप्प्याटप्प्याने चालू करतात, आणि माझा अलर्ट वाजला की रंगाई करणाऱ्या डाइंगवाल्यांना थांबायला सांगतात. डाइंगवाले माझ्यावर चिडून आहेत.