अंबाझरीला जाताय? आधी पाणी किती उतरलंय ते बघा

नागपूरच्या अंबाझरी तलावावर पक्षी बघायला मेट्रोच्या अॅक्वा लाइनने सुभाष नगरच्या पुढे निघालात की मोबाइल खिशात ठेवा आणि तलावाच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघा. पाणी झुडपांना टेकलेलं असेल तर काठावर फार काही मिळणार नाही, तो दिवस जंगलवाटेला द्या. पाणी आणि झुडपं यांच्यामध्ये करड्या चिखलाचा पट्टा उघडा पडला असेल, तर सरळ काठ गाठा. ‘अंबाझरीत काहीच दिसलं नाही’ म्हणणारे बहुतेक जण भरल्या तलावावर गेलेले असतात.

नाग नदी पश्चिमेच्या लाव्याच्या टेकड्यांकडून येते, 1870 सालच्या बांधाला अडते आणि सांडव्यावरून शहरात शिरते. (23 सप्टेंबर 2023 च्या पुरात ती कशी शिरली, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.) जैवविविधता उद्यानाचं साडेसातशे हेक्टरच्या आसपासचं रान तलावाच्या वरच्या, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला पसरलंय. बांध पूर्वेला, रान पश्चिमेला, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. सकाळी उद्यानाच्या काठावरून पाण्याकडे बघितलं तर सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि सगळी बदकं काळी दिसतात. म्हणून सकाळी आधी झाडीतले पक्षी करा, आणि पाणपक्षी उन्हं कलल्यावर, सूर्य पाठीशी घेऊन. सकाळीच बदकं बघायची असतील तर पूर्वेकडून बघा.

पावसाळा संपतो तेव्हा तलाव काठोकाठ असतो. राज्यात पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबरला असतो, आणि त्या आठवड्यात हौसेने गेलेले नवखे हमखास हिरमुसतात, कारण पाणी अजून उतरलेलं नसतं. तोवर भुवई बदकं मात्र आलेली असतात. ती सगळ्यांच्या आधी येतात आणि मार्चमध्ये परतीच्या वाटेवर पुन्हा दिसतात. थापट्या, तलवार बदक, चक्रांग आणि लालसरी या बदकांसाठी डिसेंबर-जानेवारी बरा. त्यातही जलपर्णी किती पसरली आहे ते बघावं लागतं. हिरवा गालिचा वाढला की कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्यांची चंगळ होते, पण बदकांना उतरायला आणि उडायला मोकळं पाणी लागतं. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं तर जलपर्णीत थांबतच नाहीत. पट्टकदंबांचे (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसांचे) मोठे थवे बघायचे असतील तर अंबाझरीचा हट्ट सोडा आणि उमरेडकडचा पारडगावचा तलाव गाठा.

फेब्रुवारीपासून पाणी झपाट्याने उतरतं आणि खरी मजा सुरू होते. उघड्या चिखलात किडे, अळ्या, शिंपले असतात, त्यावर तुतवार, चिखल्या, शेकाटे असे काठावरचे पक्षी तुटून पडतात. तुतवारांच्या तीन जाती नवख्यांना छळतात. पाण्याच्या कडेला एकटाच, सारखा बूड हलवत चालणारा आणि छातीचा पांढरा रंग पंखापुढून खांद्यापर्यंत वर चढलेला असेल तर तो साधा तुतवार. पाठीवर दाट ठिपके, पाय पिवळसर, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असेल तर ठिपकेवाला. आणि बसलेला असताना पाठ गडद, उडाला की बुडाचा पांढराशुभ्र भाग एकदम डोळ्यांत भरतो, तो हिरवा. म्हणून पक्षी उडाला की हळहळू नका, दुर्बीण त्याच्या मागे ठेवा.

या चिखलात उतरू मात्र नका. आपली काळी माती वरून सायीसारखी सुकते, तिला भेगाही पडतात, पण पाण्यापासून आठ-दहा पावलांवर खाली अजून गाळ असतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो, बूट आतच राहतो आणि ओढाताणीत कॅमेरा पडतो. गवत उगवलेल्या रेषेच्या अलीकडे थांबायचं. पावसाळ्यात हीच माती वाटेवर बुटाला किलो-किलोने चिकटते. मोठ्या पावसानंतर दोन दिवस जाऊ द्या.

दुर्बीण 8×42 (आठपटीची, 42 मिमी भिंगाची) पुरे. दहापटीची घेतली तर हाताचा कंपही दहापट दिसतो, आणि झाडीत पक्षी सापडेपर्यंत तो उडून जातो. बरेच जण दोन्ही डोळ्यांचं गणित जुळवतच नाहीत आणि तासाभरात डोकं दुखतं म्हणतात. उजवा डोळा मिटा, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी फांदी स्पष्ट करा. मग डावा मिटा आणि उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच फांदी स्पष्ट करा. हे एकदाच करायचं. पुढे फक्त मधलं चाक. लांबच्या बदकांसाठी स्टँडवरचा स्कोप उत्तम, पण मार्चनंतर साडेआठ-नऊलाच पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि साठपट केलं तरी नुसती लिबलिब दिसते. पटी वाढवण्यापेक्षा लवकर या. मेअखेरीस सूर्य साडेपाचला उगवतो, जानेवारीत सातला दहा कमी असताना. आधी तर्री-पोहे आणि मग पक्षी असा क्रम लावला की उन्हाळ्यातली सकाळ संपलीच म्हणून समजा.

रानातल्या वाटांचं वेळापत्रक पाण्यापेक्षा झाडांवर चालतं. काटेसावर आणि पळस फुलले की पळस मैनांचे थवे येतात. फुललेल्या एका झाडाखाली अर्धा तास बसणं हे तीन किलोमीटर चालण्यापेक्षा फलदायी. पिकलेल्या वड-पिंपळावर हरियल, म्हणजे हिरवं कबूतर, शोधा. पानांच्या रंगात मिसळून जातो, खाली पडणाऱ्या फळांवरून कळतो. जूनच्या सुमारास पहाटे आणि तिन्हीसांजेला झुडपातून दोन सुरांची स्वच्छ शीळ आली तर तो नवरंग. मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बाहेर काढायचा मोह आवरा, कारण तो विणीच्या हंगामात आहे.

ऑक्टोबर ते डिसेंबर कुसळी गवताचा त्रास असतो. लोकरी किंवा जाड सुती मोजे घातले की कुसळं आत आत शिरतात. गुळगुळीत कापडाची पँट आणि तिच्यात झाकलेले मोजे बरे. खाजकुयलीच्या शेंगांना हात लागलाच तर चोळू नका, लव पसरते. चिकटपट्टी दाबून उचला, मग धुवा. अत्तर-स्प्रे नको, झाडांवर आग्या मोहोळं असतात.

मार्चनंतर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर पुढे पाऊल टाकण्याआधी खाली बघा. तिची अंडी उघड्या खडीवर, खड्यांसारखीच असतात. (ती उंचावर घातली तर पाऊस जास्त, असं शेतकरी सांगतात.) चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. फोटोसाठी तुम्ही तिथे रेंगाळलात तर ती अंड्यांवर बसत नाही आणि अंडी काही मिनिटांत तापतात. आल्या वाटेने मागे फिरा, ती गप्प होईपर्यंत.