होस्ट चारवरची शिळी प्रत

पहाटे सव्वातीनला आमच्या सहा होस्टच्या (एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या) क्लस्टरमधल्या अकरा व्हीएम, म्हणजे त्यांच्यावर चालणारे आभासी संगणक, एकदम ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ झाल्या. त्यांत बिलिंगचा डेटाबेसही होता.

पॅचिंग, म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट, चालू होतं. होस्ट चार मीच मेंटेनन्स मोडमध्ये टाकला होता, म्हणजे कामापुरता बाजूला काढला होता, ‘एन्शुअर अ‍ॅक्सेसिबिलिटी’ निवडून: व्हीएम चालू राहण्यापुरताच डेटा हलवायचा. सगळा डेटा हलवायला रात्र पुरत नाही, म्हणून आम्ही कायम तेच करायचो. पाऊण तासाने होस्ट दोन मेमरीच्या बिघाडाने जांभळी स्क्रीन दाखवून बंद पडला.

व्हीसॅन म्हणजे सगळ्या होस्टच्या डिस्क मिळून एक साठा करणारी व्यवस्था. आमची तिथली पॉलिसी होती एफटीटी 1 (एक बिघाड सोसायचा), रेड-1 (पूर्ण प्रती ठेवायच्या). प्रत्येक ऑब्जेक्टच्या, म्हणजे व्हीएमच्या डिस्कसारख्या गोष्टीच्या, दोन प्रती आणि काही एमबींचा विटनेस (डेटा नसलेला, फक्त मत देणारा तुकडा), तिन्ही वेगळ्या होस्टवर. एक होस्ट गेला तरी निम्म्याहून जास्त मतं उरतात आणि व्हीएम चालत राहते. पण होस्ट आपण थांबवलाय की तो बंद पडलाय, हे मतं मोजताना कोणी विचारत नाही. आमची एका होस्टची मुभा पॅचिंगनेच खाल्ली होती. ‘रिड्यूस्ड अ‍ॅव्हेलेबिलिटी’ची, म्हणजे प्रती कमी पडल्याची, पिवळी खूण समोर दिसत होती, ती पॅचिंगच्या रात्री असतेच, म्हणून मी पुढे गेलो.

“सर, चार मेंटेनन्समधून बाहेर काढू या ना, प्रत आहे त्याच्यावर,” सहकारी म्हणाला.

“काढू. पण ती प्रत पाऊण तास शिळी आहे रे.”

होस्ट चार परत आल्यावर चार व्हीएम उठल्या. त्यांची ताजी प्रत तिसऱ्याच होस्टवर होती, फक्त विटनेस होस्ट दोनवर अडकला होता. उरलेल्या सात हलेनात. मधल्या वेळात लिहिलेलं सगळं एकट्या दोनवर होतं, आणि शिळ्या प्रतीवर व्हीसॅन व्हीएम चालू करत नाही. त्या क्षणी मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, तेच बरोबर होतं. व्हीसॅन 7.0 अपडेट 1 पासून मेंटेनन्सच्या काळातलं नवं लिखाण वेगळ्या होस्टवरही जपलं जातं. आमची आवृत्ती त्याच्या आधीची होती.

रिमोट कन्सोलवरून दोनची खराब मेमरी बंद करून तो पुन्हा चालू केला. वीस मिनिटं आम्ही दोघं एक शब्द न बोलता स्क्रीनकडे बघत होतो. डेटाबेस उठला. लॉगमधला शेवटचा व्यवहार 3:14 चा होता, पूर्ण.

क्लस्टर चार होस्टचा होता तेव्हाची ही पॉलिसी, सहा झाल्यावर कोणी उघडूनही पाहिली नव्हती. सहा ऑल-फ्लॅश (फक्त एसएसडी असलेल्या) होस्टवर रेड-6 चालतं, त्यात पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि ते पुन्हा जुळवायची माहिती ठेवतात. दोन बिघाड सोसतं आणि 100 जीबीला 150 जीबी घेतं. आम्ही एकाच बिघाडासाठी 200 मोजत होतो! रेड-6 मध्ये लिखाण जड पडतं, म्हणून डेटाबेसला रेड-1च ठेवलं, पण तीन प्रतींचं. रेड-6 ला सहाही होस्ट लागतात, एक पडला तर पुन्हा बांधायला जागाच उरत नाही. म्हणून सातवा मागितला.

तो आल्यावर चारचं राहिलेलं पॅचिंग केलं, ‘फुल डेटा मायग्रेशन’ लावून, म्हणजे सगळा डेटा आधी हलवून. नऊ तास लागले.