गावतळं, मही आणि कंबोईची खाडी: या हंगामाची नोंद

दिवाळीपर्यंत मी पादऱ्याजवळच्या एकाच गावतळ्यावर गरवत, म्हणजे गळाने मासे धरत, होतो. तळं ठेक्याने दिलेलं आहे, ठेकेदारकाकांना विचारूनच बसतो. पावसाळाभर कणकेची गोळी तळाला टेकलेली असायची आणि लागायचा तो मृगळच. मग एकदा कटल्याचं तोंड नीट निरखलं. ते वरच्या बाजूला उघडतं, कारण तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरातला, मृगळ तळाचा. तरंगा खाली सरकवून गळ दोन हातांवर आणला आणि त्याच सकाळी पहिला कटला लागला, दीडेक किलोचा. साचलेल्या पाण्यात आधी खोली, मग आमिष, हे तेव्हा पक्कं झालं.

आजव्याला मी गळ टाकत नाही. सयाजीराव महाराजांनी बांधवलेलं ते सरोवर अजूनही बडोद्याची तहान भागवतं, शिवाय तिथे मगरी आहेत. विश्वामित्रीचा काठही मगरींमुळेच टाळा, कृपा करून.

सिंधरोटला मही नदीवर गेलो तर तळ्याचं गणित चालेना. वाहत्या पाण्यात मासा भर धारेत उभा राहत नाही, धारेच्या कडेला संथ पाण्यात थांबतो आणि वाहून येणारं खाणं टिपतो. दोरीला लावलेल्या शिशाचं वजन वाढवून गळ त्या कडेवर धरायला अजून शिकतोय.

खरी शिकवणी झाली ती कंबोईला, जिथे मही खंबातच्या आखाताला मिळते. स्तंभेश्वराचं शिवलिंग भरतीत बुडताना लहानपणापासून पाहिलंय, पण गळ टाकायचा तर ती भरती वेगळीच भासते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ इतकी की शिसं तळाला ठरतच नाही. म्हणून आता अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, बघूनच निघतो. पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ, चमकतं नकली आमिष तिथे व्यर्थ. वासावर मासा येतो, तेव्हा ताजी कोळंबी लावा. दुसऱ्या खेपेला शिंगाळा लागला. वर काढला तर चक्क कुरकुरत होता! त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा दातेरी आणि विषारी असतो, गळ पक्कडीनेच सोडवा. माझ्या अंगठ्याला नुसता ओरखडा गेला, तर रात्रभर ठणका होता.

खाऱ्या पाण्यानंतर रील त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. पहिल्या खेपेनंतर मी तशीच ठेवली होती, आठवड्याने हँडल फिरेना.

आता जीव लागलाय तो जिताड्यावर. हा जन्मतो खाऱ्या पाण्यात, पिल्लं वर गोड्या पाण्याकडे येतात आणि अंडी घालायला मासा पुन्हा खाली उतरतो. ओहोटी लागली की लहान ओहोळांतून बारीक मासळी बाहेर पडते आणि तो तोंडाशीच दबा धरून बसतो. तसे दोन ओहोळ हेरून ठेवलेत. येत्या अष्टमीला आमिष म्हणून जिवंत बोय मासा लावून तिथेच बसणार.