पंचेचाळिशीनंतर धावताना: घाई पोटरीला महागात पडते

चाळिशी-पंचेचाळिशीत धावायला लागलं की दम दीड-दोन महिन्यांत सुधारतो. पोटरी, टाचेमागचा कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर) आणि नडगीचं हाड यांना मात्र कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून दुखणं सहसा पहिल्या आठवड्यात येत नाही. ‘आता जमतंय’ असं वाटून अंतर वाढवलं की येतं.

रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सुरुवात आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड. ५ मिनिटं भरभर चाला, मग १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. धावण्याचा भाग दर आठवड्याला अर्ध्या-एक मिनिटाने वाढवा. सलग ३ किलोमीटर जमले की फक्त रविवारची धाव १ किलोमीटरने लांबवा, आणि दर चौथ्या आठवड्याला ती तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. हा कमी धावण्याचा आठवडा बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच फसतात.

ठाण्यात उपवन तलावाचा काठ सपाट आहे, तिथेच राहा. येऊरचा चढ पहिले तीन-चार महिने नको: चढताना पोटरी आणि कंडरा ताणला जातो, उतरताना गुडघ्यांवर भार येतो.

नडगीवर बोटाने दाबून एकाच ठिकाणी कळ येत असेल तर धावणं लगेच थांबवून दाखवून घ्या. पसरट दुखत असेल तर आठवडाभर नुसतं चाला.