एल्कची शिकार: आधी मांस वाहून आणायचा हिशोब

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या डोंगरात एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, मागे जायचं तर मी हिशोब शेवटापासून मांडतो. मांस गाडीपर्यंत कसं आणणार? पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या आसपास भरतो. हाडं काढली तरी ८०-९० किलो मांस हाती येतं, म्हणजे एका माणसाच्या तीन-चार खेपा, त्याही तीन हजार मीटर उंचीवर. त्यामुळे एकटा असेन तर खोल दरीत दिसलेल्या एल्कवर मी रायफल उचलतच नाही.

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या प्रशिक्षणाचं कार्ड लागतं. एच-१बीसारख्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरच्या आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं म्हणजे अमेरिकेचा केंद्रीय कायदा एरवी त्यांना बंदूक बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद, म्हणून आधी परवाना, मग रायफल.

डोंगरात सगळं वाऱ्यावर ठरतं. गार झालेली हवा पहाटे उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढू लागते आणि संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणून पहाटे मी एल्कच्या खालच्या बाजूने जातो आणि ऊन तापल्यावर वरच्या. मधला तासभर वारा गरगरतो, तेव्हा जागचं हलायचं नाही. पावडरची छोटी बाटली खिशात ठेवून दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवून बघतो. एल्क एक वेळ हालचाल खपवून घेईल, माणसाचा वास नाही.

रात्री कुरणात चरलेले एल्क उजाडताना उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट झाडीत शिरतात. त्या वाटेवर १०x४२ दुर्बीण तिकाटण्यावर लावून बसावं. अख्खा प्राणी शोधू नका. शेपटीभोवतीचा फिकट पिवळा पुठ्ठा, एखादा कान, उभ्या खोडांमधली आडवी रेघ शोधा. बहुतेक भागांत नराच्या एका शिंगाला किमान ४ फाटे किंवा कपाळाजवळचा फाटा ५ इंच लांब असावा लागतो. मोजता येत नसेल तर गोळी नाही.

माझी मर्यादा २५० मीटर, तीही प्राणी आडवा उभा असताना. नेम पुढच्या खांद्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या वरच्या कडेला. लागल्यावरही उभा असेल तर लगेच दुसरी गोळी. पळाला तर अर्धा तास थांबायचं. गोळी मागे, पोटात लागली असेल तर कित्येक तास. घाईने माग काढलात तर जखमी जनावर दोन डोंगर ओलांडून जातं.

मांस बिघडतं ते उष्णतेने. कातडी जाड, त्यामुळे थंड रात्रीतही मांडीच्या हाडाजवळचं मांस आंबतं. मी पोट न फाडता काम करतो. जनावर कुशीवर ठेवून शेपटीपासून मानेपर्यंत पाठीच्या कण्यावर चीर द्यायची आणि कातडी खाली सोलायची. पुढचा फरा धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेला नसतो, नुसते स्नायू कापले की सुटतो. मागची मांडी खुब्याच्या सांध्यात सोडवायची, मग कण्यालगतची लांब पट्टी. शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतली मऊ पट्टी काढली की कूस बदलायची. नर-मादी ओळखता येईल असा अवयव मांसाला जोडलेलाच ठेवावा लागतो, तो कापून टाकू नका. तुकडे सुती पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असे टांगायचे, प्लॅस्टिक वर्ज्य. अस्वलं येतात, म्हणून सांगाड्यापासून शंभरेक मीटर दूर.

पहिल्या खेपेला, पाय ताजे असतानाच, मागची मांडी न्यायची. शिंगं सगळ्यात शेवटी.